पात्र, अपात्र आणि मनोरुग्ण

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून स्वतःचे अवयव विक्रीला काढले. बँकेचे कर्ज फेडायला दुसरे काही उरले नाही, तेव्हा किडनी, यकृत, डोळे घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत दरही दिले होते. हा अर्ज समजायचा की आजाराचे लक्षण? अर्ज मानला, तर विषय सोयाबीनचा भाव, पीकविमा आणि बँकेच्या वसुलीपाशी जातो. लक्षण मानले, तर तो समुपदेशकाकडे जातो आणि बाकी सगळे मोकळे होतात. माणसाच्या हतबलतेला वैद्यकीय नाव दिले की जबाबदारीची जागा कशी बदलते, हे विसाव्या शतकातल्या रशियन मनोविकारशास्त्राच्या वाटचालीत स्पष्ट दिसते.

सप्टेंबर १९०५मध्ये कीव्ह येथे रशियन मनोविकारतज्ज्ञांची परिषद भरली. मज्जातज्ज्ञ व्लादिमीर बेख्तेरेव्ह यांनी तिथे सांगितले, की व्यक्तिमत्त्वाचे आरोग्य भोवतालच्या सामाजिक आणि राजकीय परिस्थितीपासून वेगळे काढता येत नाही. परिषदेला राजकीय सभेचे रूप आले. त्या वर्षीच्या क्रांतीनंतर डॉक्टरांत मतभेद झाले. राजकीय उलथापालथीने लोकांची मने बिघडत आहेत, असे काहींचे म्हणणे होते. मने बिघडतात ती दडपशाहीने, असे इतरांचे. पुढे रशियात आत्महत्यांची लाट चर्चेत आली, तेव्हा १९१२मध्ये बेख्तेरेव्ह यांनी तिची कारणे आणि उपाय यांवर लिहिले.

शास्त्र एकच असले, तरी ते कुणाच्या बाजूने साक्ष देईल हे शास्त्रावरून ठरत नाही. १९१३मध्ये कीव्हच्या न्यायालयात मेंडेल बेलिस या ज्यू कामगारावर धार्मिक विधीसाठी मुलाचा खून केल्याचा बनावट खटला चालला. नामांकित मनोविकारतज्ज्ञ सिकोर्स्की यांनी आपल्या विद्वत्तेचे वजन त्या आरोपामागे उभे केले. बेख्तेरेव्ह यांनी तो दावा खोडून काढला. ज्यूरीने बेलिस यांना निर्दोष सोडले.

बिघाड मनात की परिस्थितीत, हा प्रश्न प्रयोगशाळेतही वेगळ्या रूपात उभा होता. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्याकडे शेंगर-क्रेस्तोव्निकोव्हा या संशोधिकेने कुत्र्याला शिकवले होते, की वर्तुळ दिसले तर खाणे मिळते, लंबवर्तुळ दिसले तर नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाजवळ आणले. दोन अक्षांचे प्रमाण नऊला आठ झाले, तेव्हा कुत्र्याला फरक कळेना. आधी शांत असलेले ते जनावर ओरडू लागले, उपकरणे चावू लागले. पाव्हलोव्ह यांनी त्यातून मेंदूतील उत्तेजन आणि निरोध यांच्या संघर्षाचा सिद्धान्त मांडला. प्रत्येक जनावराच्या मज्जासंस्थेचा पिंड वेगळा, हेही ते सांगत. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. पण तो बिघाड प्रयोगाच्या मांडणीने घडवला होता, हे त्याहून महत्त्वाचे.

हेच नेमके पुढे विसरले गेले. १९५०मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमींच्या संयुक्त अधिवेशनात पाव्हलोव्ह यांची शिकवण अधिकृत सिद्धान्त म्हणून लादण्यात आली. मनोविकारशास्त्रातून समाजाचा प्रश्न मागे पडला, उरली ती रुग्णाची मज्जासंस्था. त्यानंतरच्या दशकांत ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ हे निदान सरकारवर टीका करणाऱ्यांना चिकटवले गेले. समाज सुधारण्याचा ध्यास हेच लक्षण ठरले. सरकारचे टीकाकार जनरल ग्रिगोरेन्को यांना १९६९मध्ये ताश्कंदच्या डॉक्टरांनी शहाणे ठरवले. मॉस्कोच्या सर्बस्की संस्थेने तो निष्कर्ष उलटवला. ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे, त्या व्लादिमीर सर्बस्की यांनी १९११मध्ये झारच्या शिक्षणमंत्र्याच्या दडपशाहीचा निषेध म्हणून मॉस्को विद्यापीठ सोडले होते.

हिंगोलीत कुणाला वेड्यांच्या इस्पितळात डांबले जात नाही. इथला धोका सौम्य आहे, म्हणून तो लवकर लक्षात येत नाही. २०१५मध्ये राज्य सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. हिंगोली त्यात आहे. आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरतात, त्रासलेल्या माणसाला उपचारापर्यंत पोचवतात. हे काम मोलाचे आहे. नैराश्य हा खरा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. ‘कर्ज फिटले की सगळे ठीक होईल’ असे म्हणून आजारी माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवणे हेही क्रौर्यच.

पण त्याच जिल्ह्यात दुसरी यंत्रणा चालते. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते, आणि एक लाखाची मदत त्यावर अवलंबून असते. नापिकी आणि थकलेले कर्ज सिद्ध झाले तर पात्र. दारू, घरगुती भांडण किंवा आजार हे कारण धरले तर अपात्र. जणू कर्ज, दारू आणि नैराश्य एका घरात एकत्र नांदतच नाहीत! या दोन यंत्रणांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या, तर समुपदेशनासाठी दिलेली माहितीच उद्या मदत नाकारण्याचा आधार ठरेल. हे गावाला एकदा कळले, की आशाताईंना खरे उत्तर कोणी देणार नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने यावर कुंपण घातले आहे. कलम ३प्रमाणे उपचाराशी थेट संबंध किंवा कायद्यात सांगितलेले अन्य कारण असल्याशिवाय कुणालाही मनोरुग्ण म्हणून वर्गीकृत करता येत नाही. राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून तसे निदानही करता येत नाही. कलम ११५ तर आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असे गृहीत धरते आणि त्याच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकते.

म्हणून नोंदीची दिशा बदलली पाहिजे. व्यक्तीचे नाव आणि उत्तरे दवाखान्यातच राहावीत, मदतीच्या फायलीत ती येऊ नयेत. मात्र कळमनुरी किंवा औंढ्याच्या एखाद्या महसूल मंडळात ताणाखालच्या माणसांची संख्या वाढली, तर तेवढा आकडा, नावांविना, कृषी विभाग आणि बँकांच्या बैठकीत मांडला जावा, आणि वसुली, विमा, खरेदी यांत काय बदलले हे त्यांना विचारले जावे. एका माणसाला झोप येत नसेल तर डॉक्टर हवा. सबंध मंडळाची झोप उडाली असेल, तर तपासणी मंडळाच्या कारभाराची व्हायला हवी, आणि ती टाळण्यासाठी निदानाचा आडोसा कुणालाही मिळता कामा नये.