अस्वल अंगावर आले, तर शॉटगनचा नेम कसा धरणार?

अलास्कात रानात काम करणारे अनेक जण शॉटगन बाळगतात. तपकिरी अस्वल ताशी ५० किमीहून वेगाने धावते. ३० मीटर अंतराला जेमतेम दोन सेकंद.

टोकावरचा मणी : छऱ्यांसाठी पुरेसा. अस्वलासाठी मात्र स्लग, म्हणजे एकच जड गोळी वापरतात. घाईत गाल दस्त्यावरून उचलला, की नेम वर जातो.

घोस्ट रिंग : मागे मोठे कडे, पुढे ठळक काडी. नजर आपोआप मध्यावर येते. बॅटरी लागत नाही.

रेड डॉट : नेम झटपट, पण पावसात काच धूसर होते, बॅटरीही संपू शकते.

महत्त्वाचे काय? १८८३ ते २००९ दरम्यानच्या २६९ घटनांच्या अभ्यासात, जवळची बंदूक वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत दुखापतींबाबत फरक आढळला नाही. सराव असलेल्यांनीच बंदुकीवर विसंबावे, हा त्याचा निष्कर्ष.