रामशेज: सोपा म्हणून कमी?

"रामशेज? तो काय ट्रेक आहे?" असं नाक मुरडणारे ट्रेकर ऑफिसात पुष्कळ भेटतात. मान्य! नाशिकजवळच आशेवाडी, तिथून तासाभरात माथा, वाटेत रामाचं देऊळ. पण मंडळी, १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला तेव्हाही गड एवढाच बुटका होता. तरी मराठ्यांनी तो कित्येक वर्षं झुंजवला!

मग गडाची किंमत आपल्या दमण्यावरून का ठरवायची? अलंग-मदन आईबाबांना आपण फोटोतच दाखवणार. रामशेजच्या माथ्यावरचा वारा, समोरचा देहेरगड आणि खाली पसरलेली शेतं ते स्वतः अनुभवू शकतात. ह्या रविवारी घेऊन जा त्यांना. ऊन तापायच्या आत निघा, आणि हो, रिकाम्या बाटल्या परत आणा!