दोन पैशांची शिकवण

मागच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला पंधरा मिनिटे राहिली होती. कढईत भजी, हातात फळे कापायची सुरी. तेवढ्यात कडेवर मूल घेऊन एक बाई दारात आली. मी आतूनच म्हणाले, "माफ करो, आगे जाओ." आठ वर्षांची मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारले, "अम्मी, गरिबाची भूक कळावी म्हणूनच रोजा असतो ना?" गॅस बंद करून मी दाराशी धावले, पण ती बाई निघून गेली होती.

काहींचा हात सहज पुढे होतो, काहींचा का होत नाही? काही जण म्हणतात, तो ज्याचा त्याचा स्वभाव. पण सगळे स्वभावावर ढकलून चालेल का?

अब्दुल सत्तार ईधी यांचा जन्म १९२८ सालचा, गुजरातेतील बांटवा गावचा. शाळेत जाताना आई त्यांना रोज दोन पैसे देई. एक त्यांच्यासाठी, दुसरा गरजूसाठी. दुसरा पैसा कोणाला दिला, हे घरी आल्यावर सांगावे लागे. म्हणजे गरजू कोण, हे मुलाला स्वतः शोधावे लागे. पुढे ते अकरा वर्षांचे असताना आईला पक्षाघात झाला. तिला भरवणे, न्हाऊ घालणे ही सेवा त्यांनी केली. याच मुलाने मोठेपणी कराचीत रुग्णवाहिकांचे प्रचंड जाळे उभारले, टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांसाठी केंद्रांबाहेर पाळणे ठेवले. २०१६ साली ते अल्लाहला प्यारे झाले, तेव्हा त्यांचे डोळेही दान झाले.

दुसरी बाजूही पाहू या. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. भाषण द्यायला जाताना वाटेत त्यांना एक माणूस खोकत, कण्हत पडलेला दिसे. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. काहींना तर परोपकाराच्या कथेवरच बोलायचे होते, तरी त्याने फारसा फरक पडला नाही.

हे वाचले आणि मला माझी कढई आठवली. माझे मन काही दगडाचे नव्हते, पण मला घाई होती. ती बाई मात्र रिकाम्या हाताने गेली. तिला माझ्या घाईचे काय?

भगिनींनो, आता आमच्या घरी इफ्तारचे पहिले ताट बाहेरच्यासाठी काढून ठेवतो. ऐनवेळी विचार करावा लागत नाही. आणि मुलीच्या हातावर रोज दोन नाणी ठेवते. संध्याकाळी एवढेच विचारते, "दुसरे कोणाला दिलेस?"

कधी कधी तीही मला विचारते, "अम्मी, आणि तू?"