उताऱ्यात लेखकाचं मत शोधा, आपलं नव्हे

आपल्या जिल्ह्यातली शेतकऱ्यांची पोरं आता मोठ्या हिमतीने राज्यसेवेच्या परीक्षेला बसू लागली आहेत. २०१३ पासून या पूर्वपरीक्षेला दुसरा पेपर आला. गुण २००, प्रश्न ८०, आणि त्यातले साधारण निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवर. आता हा पेपर फक्त पात्रतेपुरता ठेवला आहे. पण ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण, पडले नाहीत तर पहिल्या पेपरातली सगळी मेहनत पाण्यात. शिवाय चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात.

विस्ताराच्या कामासाठी गावोगाव फिरताना पोरं सांगतात, उतारा समजतो, पण 'लेखकाचा दृष्टिकोन कोणता' या प्रश्नाला गाडी अडते. उदाहरणादाखल एक वाक्य आम्हीच तयार केलं आहे: 'निर्यातबंदीमुळे ग्राहकाला तात्पुरता दिलासा मिळाला असला, तरी उत्पादकाच्या खर्चाचा विचार झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.' पर्याय चार. समर्थन, तटस्थता, संयत नापसंती, तीव्र संताप.

निफाड-चांदवडकडचा मुलगा डोळे झाकून 'तीव्र संताप' लिहिणार. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या पाच महिन्यांत त्याच्या घरी काय झालं, ते त्याला ठाऊक आहे. संताप खरा आहे, पण तो त्याचा, लेखकाचा नव्हे. लेखक 'असला, तरी' म्हणून ग्राहकाची बाजू आधी मान्य करतो आणि मग 'धाडसाचे ठरेल' एवढ्यावरच थांबतो. उत्तर 'संयत नापसंती'.

खरं तर ही विद्या आपल्याकडे आहेच. लिलावात व्यापारी 'माल तसा बरा आहे' म्हणाला, की त्या 'तसा'वरून भाव पडणार हे शेतकरी ओळखतो. 'अनुदान जमा झालं' आणि 'अनुदान जमा झालं म्हणे' यातला फरक तर शेंबडं पोरही सांगेल. उताऱ्यातही असेच छोटे शब्द धरायचे: तरी, मात्र, केवळ, तथाकथित. आणि 'काही तज्ज्ञांच्या मते' असं आलं, की ते मत तज्ज्ञांचं. लेखकाला ते पटतं की नाही, हे पुढच्या वाक्यात बघायचं.

सगळाच दोष पोरांचा नाही. कधी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात. आयोग आधी पहिली उत्तरतालिका काढतो, त्यावर हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका लावतो. दोन्ही तालिका शेजारी ठेवून बघाव्यात. क्लासवाले याला वेळ देत नाहीत.

जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पंचायतीच्या संगणकावरून दोन-चार काढून वाचनालयात ठेवले, तर खर्च कागदाचाच. गुरुजींनी पाचवीपासूनच रोज पेपरातला एक अग्रलेख मोठ्याने वाचून घ्यावा आणि 'तरी', 'मात्र' दिसलं की खाली पेन्सिलने रेघ मारायला लावावी. सुरुवात याच पानापासून केली तरी आमची हरकत नाही.