गॅसचा नळ आणि शेतकऱ्याची जमीन

पिंपरी-चिंचवडांतील पुष्कळ घरांत आतां गॅसचें सिलिंडर येत नाहीं. भिंतींतून एक बारीक नळी आलेली असते. तिची तोटी फिरविली कीं शेगडी पेटते, आणि मीटर पाहून बिल येतें. चाकणच्या कांहीं कारखान्यांतील भट्ट्यांस हाच गॅस लागतो आणि रिक्षावाले पंपावर तोच भरून घेतात. ही सोय आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणाच्या शेताखालून आपल्या दारीं आली, हें विचारण्याची आठवण कोणास होत नाहीं. प्रस्तुत लेखांत तेंच विचारावयाचें आहे.

हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन वायु होय. त्यास स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. उणें १६२ अंशांपर्यंत थंड केला असतां त्याचा द्रव होतो व आकारमान सुमारें सहाशें पटींनीं घटतें. म्हणूनच तो कतारसारख्या दूरच्या देशांतून जहाजानें आणतां येतो. गुजरातेंत दहेज बंदरावर २००४ पासून असा द्रव उतरवून त्याचा पुनः वायु करितात. तेथून गेल या सरकारी कंपनीचा मोठा नळ दक्षिणेस उरण-पनवेलकडे येतो, आणि त्या जाळ्यांतून गॅस सह्याद्रि चढून आपल्याकडे पोंचतो. शहरांतील वाटपाचें काम २००६ सालीं स्थापन झालेली महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी पाहते.

नळ नको, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीं ताथवडे येथें टँकरमधून चोरून सिलिंडर भरीत असतां आग लागली. सिलिंडर एकामागून एक फुटले आणि शेजारीं उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. हेंच दिवसा घडतें तर काय झालें असतें, याची कल्पना पालकांस करून द्यावयास नको. सिलिंडरांतील गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो. मिथेन हलका असून मोकळ्यावर वर निघून जातो. तेव्हां रस्त्यावरील टँकर जितके कमी होतील तितकें बरें.

परंतु शहरांत नळ रस्त्याच्या कडेनें जातो, तर गांवांत तो शेतांतून जातो. त्यासाठीं १९६२ चा केंद्र सरकारचा कायदा आहे. या कायद्यान्वयें जमीन काढून घेतली जात नाहीं, केवळ तिच्याखालून नळ नेण्याचा हक्क घेतला जातो. सातबारावर नांव शेतकऱ्याचेंच राहतें. त्या पट्ट्यावर त्यानें खुशाल ज्वारी पेरावी. मात्र घर बांधूं नये, विहीर वा तळें खणूं नये, झाड लावूं नये. पिकाची नुकसानी भरून मिळते. शिवाय हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाचा दशांश द्यावा, असें त्या कायद्यांत लिहिलें आहे.

आमचा आक्षेप या दशांशास आहे. जेथें जमिनीचा उपयोग पेरण्यापुरताच, तेथें तो हिशेब कदाचित् चालेल. पण खेड आणि मावळ या तालुक्यांत जमिनीस जो भाव आला आहे, तो तींत काय पिकतें यामुळें नव्हे, तर उद्यां तींत काय बांधतां येईल यामुळें. बांधण्याचाच हक्क गेल्यावर नऊ हिस्से किंमत मालकापाशीं शिल्लक राहिली, असें कायदा कोणत्या गणितानें समजतो? त्यांतून पट्टा शेताच्या मधोमध गेला म्हणजे दोन्ही बाजूंच्या तुकड्यांचीही किंमत उतरते; तिचा या दशांशांत हिशेब नाहीं. मोबदला वाढविल्यास गॅस महागेल असें कोणी म्हणतील. थोडा महागेल, हें खरें. पण तो भार हजारों घरांवर व कारखान्यांवर वांटला जाईल. आज तो एकटा शेतकरी सोसतो. आमच्या मतें एकदांच दशांश देण्याऐवजीं, नळांतून गॅस वाहतो आहे तोंवर दरसाल खंड द्यावा आणि बाजारभावाप्रमाणें तो वाढवीत जावें.

या बाबतींत मावळचा अनुभव कडू आहे. पवना धरणाचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें शेतकऱ्यांचें आंदोलन झालें. पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी प्राणांस मुकले, आणि ती योजना वर्षानुवर्षें अडून राहिली. तो नळ पाण्याचा होता, आणि तंटाही केवळ मोबदल्याचा नव्हता. तथापि शहराच्या सोयीसाठीं आपणांस न विचारतां नळ येतो, ही जी भावना तेथें होती, तिला पाणी काय आणि गॅस काय, सारखेंच.

१९६२ च्या कायद्यान्वयें अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यास २१ दिवसांची मुदत असते. ही अधिसूचना राजपत्रांत छापून येते. राजपत्र कोणत्या गांवच्या पारावर वाचलें जातें? नळ ज्या गटांतून जाणार त्यांचा नकाशा सोप्या मराठींत समजावून ग्रामसभेपुढें ठेवावा, आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी. पेरणीच्या दिवसांत एकवीस दिवस कसे निघून जातात, हें ज्यांच्या घरीं शेती आहे त्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वडिलांस विचारून पाहावें.