तिकीट मतदाराचं

आपल्याकडे निवडणुकीचं तिकीट मिळवण्यासाठी माणसं काय काय करतात ते मी तुम्हांला सांगायला नको. मुंबईच्या बंगल्यांच्या पायऱ्या झिजवतात, दिल्लीच्या थंडीत कुडकुडतात आणि इतकं करूनही नाहीच मिळालं, तर रात्रीतून पक्ष बदलून सकाळी दुसऱ्या झेंड्याखाली ताठ मानेने उभी राहतात. पण हे झालं उमेदवाराचं तिकीट. मतदारालाही तिकीट लागतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते कुठलाही पक्ष देत नाही. ते स्वतःच्या खिशातून काढावं लागतं, आणि ते विमानाचं असतं.

माझा भाचा आखातात एअरकंडिशनर दुरुस्त करतो. पासपोर्ट भारताचा, त्यावरचा पत्ता श्रीरामपूरचा, आईवडील श्रीरामपुरात आणि वडिलांचा दोन एकर ऊस कालव्याच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला. पूर्वी अशा माणसाला मतच नव्हतं. २०१० साली कायदा बदलला आणि २०११ पासून त्याला आपल्या गावच्या यादीत नाव घालता येऊ लागलं. नमुना ६-अ भरायचा, झालं! आम्ही पेढे वाटणार होतो. मग पुढचं वाचलं. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन मतदाराने स्वतः केंद्रावर हजर राहावं. म्हणजे अगत्याची लग्नपत्रिका पाठवायची आणि खाली बारीक अक्षरांत छापायचं, 'जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणावा.'

बरं, यायचं म्हणजे नुसतं विमान नव्हे. मुंबईला उतरून रेल्वेने निघालात, तर श्रीरामपूर नावाचं स्टेशन शोधू नका. आमच्या गावाच्या स्टेशनाचं नाव बेलापूर! नवख्या माणसाला ते नवी मुंबईत आहे असं वाटतं. एवढी यातायात करून, महिन्याचा पगार आणि वर्षाची रजा उधळून, बोटाला शाई लावून परत जाणारा मतदार किती मोठा देशभक्त असेल!

असे देशभक्त किती निघाले त्याचा हिशेब आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परदेशी राहणाऱ्या मतदारांची १,१९,३७४ नावं यादीत होती. मत दिलं २,९५८ जणांनी. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रातली नावं ५,०९७ आणि प्रत्यक्ष आले सतरा. सतरा! आमच्याकडे गौरीच्या जेवणाला याहून जास्त पानं पडतात.

यावर आमचे शेजारी म्हणतात, "मग राहिलं! देश सोडून गेलेल्यांना कशाला हवंय मत?" हे शेजारी मतदानाच्या सुट्टीला जोडून रजा काढतात आणि महाबळेश्वरला जातात. पण ते जाऊ द्या. मुद्दा त्यांचा आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे.

देश सोडून गेलेले दोन प्रकारचे असतात. माझा एक चुलतभाऊ अमेरिकेत आहे. त्याने तीस वर्षांपूर्वी तिथलं नागरिकत्व घेतलं. त्याच्याकडे आपल्या सरकारने दिलेलं प्रवासी नागरिकाचं कार्ड आहे, ज्याच्या नावात नागरिक आहे पण ज्यावर मत देता येत नाही. ते देताही कामा नये. माणसाने एका वेळी एकाच घरचा जावई असावं. पण निवडणूक आली की सगळ्यांत मोठा आवाज याचाच. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्याने मला देश वाचवण्याचे इतके निरोप पाठवले, की माझा मोबाइल तापून त्यावर पोळी भाजता आली असती. ४ जूनला निकाल लागले. भाजप २४० वर थांबला, त्यावर त्याने तासभर मला लोकशाही समजावून सांगितली आणि शेवटी विचारलं, "बाकी, आपल्या कोपरगावला कोण आलं रे?"

कोपरगाव लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अस्तित्वातच नाही. आम्ही आता शिर्डीत मोडतो.

भाच्याचा फोन त्याच रात्री आला. १३ मे रोजी श्रीरामपुरात मतदान चालू होतं, तेव्हा तो कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर उन्हात यंत्र उघडून बसला होता. भाऊसाहेब वाकचौरे निवडून आल्याचं त्याला माहीत होतं. त्याने विचारलं, "मामा, आपल्या बूथवर कुणाला किती पडली? आणि कालव्याला आवर्तन कधी सुटणार?" आता तुम्हीच सांगा, या दोघांतला श्रीरामपूर सोडून कोण गेला?

परदेशातून निवडणूक पाहणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. मार्च १९७७ मध्ये मी नोकरीनिमित्त लंडनला होतो. आणीबाणीनंतरची ती निवडणूक. खोलीत आम्ही चौघं बीबीसीला कान लावून बसलो होतो. इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून ५५,२०२ मतांनी हरल्या, उत्तर प्रदेशात आणि बिहारात काँग्रेसला एकही जागा नाही, देशभरात मिळून १५४! आम्ही नाचलो. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने छताला काठी ठोकली. सारा देश एका रात्रीत बदलला, म्हणजे श्रीरामपूरही बदललं, असं आम्ही धरून चाललो. दहाबारा दिवसांनी वडिलांचं निळं एरोग्राम आलं. कोपरगाव मतदारसंघात काँग्रेसचे बाळासाहेब विखे पाटीलच पुन्हा निवडून आले होते. दिल्लीत भूकंप झाला होता आणि आमच्या गावी कपातला चहाही हिंदकळला नव्हता. वडिलांनी ते दोन ओळींत आटोपून पुढे कालव्याच्या पाण्याबद्दल अर्धं पान लिहिलं होतं.

लांबून देश दिसतो, मतदारसंघ दिसत नाही. हा नजरेचा दोष नव्हे, मत नसल्याचा परिणाम आहे. ज्याला मत द्यायचं असतं तो उमेदवार बघतो, त्याचा कारखाना बघतो, मागच्या वेळी त्याने कबूल केलेला रस्ता बघतो, श्रीरामपूर जिल्हा करू म्हणाला होता त्याचं काय झालं ते विचारतो. ज्याला मत नसतं तो प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाला फक्त षट्कार हवे असतात.

आणि गंमत पुढेच आहे. ३ मे १९७९ रोजी ब्रिटनची निवडणूक झाली. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून मला तिथे मत होतं. मी शाळेतल्या केंद्रावर गेलो, नाव सांगितलं, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली आणि बाहेर आलो. थॅचरबाईंना निवडायचा किंवा पाडायचा हक्क श्रीरामपूरच्या माणसाला होता, पण श्रीरामपूरचा खासदार निवडायचा नव्हता! इंग्रजांनी दीडशे वर्षांत आमच्यावर पुष्कळ अन्याय केले, हा एक त्यांनी केलेला नाही. हा आपला आपण केला.

बरं, टपालाने मत आपल्याला जमत नाही असं आहे का? आपल्या परदेशातल्या वकिलातीत नेमलेला कारकून मत देतो. सीमेवरचा जवान देतो. २०१६ पासून त्यांची मतपत्रिका संगणकावरून जाते. ते ती छापून घेतात, खूण करतात आणि टपालाने परत पाठवतात. मग वकिलातीचं एअरकंडिशनर दुरुस्त करणाऱ्या भारतीयाचंच काय वाकडं आहे? फिलिपिन्सने २००३ साली कायदा करून आपल्या परदेशातल्या माणसांना तिथूनच मत देण्याची सोय केली. आपल्याकडे २०१८ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्यामार्फत मत देण्याचं विधेयक लोकसभेने मंजूर केलं. ते राज्यसभेत पोचलं नाही आणि २०१९ साली लोकसभेबरोबरच संपलं. २०२० साली निवडणूक आयोगाने टपालाचा प्रस्ताव सरकारकडे पाठवला, आणि त्यानंतर २०२४ ची निवडणूकही सतरा माणसांवर निभावून गेली.

एक शंका मात्र रास्त आहे. आखातात एका खोलीत आठ माणसं राहतात. खूण करताना मुकादम खांद्यावरून डोकावला तर? तर वकिलातीत पडदा लावा आणि पेटी ठेवा. कर भरत नाहीत, ही दुसरी तक्रार. अहो, मत ही काय कराची पावती आहे? तसं असतं तर आमच्या आळीत निकाल बिनविरोध लागले असते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने पासपोर्ट परत केला, त्याने देश जरूर पाहावा, पण आवाज थोडा बारीक ठेवून. आणि ज्याच्या खिशात आपला पासपोर्ट आहे, त्याला मत आहे तिथून देऊ द्या. टपाल वेळेवर पोचेल का, ही काळजी करू नका. बेलापूरचं तिकीट काढलेली माणसं इतकी वर्षं बिनचूक श्रीरामपुरात उतरताहेत. मतपत्रिकेलाही जमेल.