उचल घेतली म्हणजे माणूस विकला नाही



पाऊस ओसरायला लागला की आपल्या पाड्यांवर मुकादमाची मोटारसायकल फिरू लागते. घरातला दाणा संपत आलेला, मका-ज्वारी अजून उभी, दुकानदाराची उधारी डोक्यावर. अशा वेळी तो नोटा हातावर ठेवतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. काम कुठं, किती दिवस, रोज काय, हे विचारायला तोंड उरत नाही. दिवाळीच्या आगेमागे माणसं गाडीत भरून जातात. कुणी बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला, कुणी नाशिककडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, तर कुणी इथंच शहादा-तळोद्याच्या केळी-पपईत. ऊसतोडीतल्या हालांवर पुष्कळ बोललं जातं. बागांवर कोणी बोलत नाही. बाग म्हटली की सावली आणि पाणी डोळ्यांपुढं येतं, पण पपईच्या चिकानं सोललेले हात ज्याचे त्यालाच ठाऊक.

द्राक्षाचं काम एकरावर उक्तं घेतात. छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवणं, फवारणी. हिशोब जोडीचा, म्हणजे नवरा-बायकोचा मिळून, आणि वहीत नाव फक्त नवऱ्याचं. बाई दिवसभर राबते, तरी कागदावर ती नसतेच. पोरगं घड वेचतं, तेही नसतं.

आता हिशोब कसा चालतो ते बघा. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा जोडीनं 20,000 उचल घेतली आणि जोडीचा रोज 500 ठरला. 40 दिवसांत उचल फिटायला हवी. पण मुकादम सांगतो, किराणा 4,000, दवाखाना 1,500. मध्ये आठ दिवस पावसानं काम बंद होतं, त्याचे खाडे. त्या दिवसांची मजुरी तर नाहीच, वर खाड्याचा तेवढाच दंड, म्हणजे 4,000. 40 दिवस राबून 9,500 अंगावर उरतात. ते फेडायला आणखी 19 दिवस, आणि त्या 19 दिवसांचा किराणा पुन्हा वेगळा. मग मालक म्हणतो, पैसे फिटल्याशिवाय गेटच्या बाहेर जायचं नाही. रेशनकार्ड ठेवून घेतो. घरी मयत झाली तरी एकालाच सोडतो, बायको-पोरं तारण राहतात.

याला गुलामीच म्हणतात, आणि ती आपल्याला नवी नाही. जुनी माणसं सालदारकी विसरलेली नाहीत. आखाजीला साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस धन्याचा. ज्या जमिनी आपल्या बापजाद्यांच्या हातून गेल्या, त्याच जमिनीवर आपण सालदार झालो. शहाद्यात 1970 नंतर अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले, 1972 पासून श्रमिक संघटना उभी राहिली, ती जमिनीच्या आणि सालदाराच्या मजुरीच्या प्रश्नावरच. जमीनदारांनी पीक संरक्षणाच्या नावानं माणसं पोसली, मारहाण केली, तरी लोक हटले नाहीत. आता साल गेलं आणि हंगाम आला. सालदाराला धनी तरी डोळ्यांना दिसायचा. आता मधे मुकादम असतो आणि मालक म्हणतो, मी पैसे मुकादमाला दिलेत, माझा संबंध नाही.

कायदा मात्र मालकाला असा सुटू देत नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 चा असून तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू धरला आहे. उचल दिली आणि तिच्यापोटी मजुरी नाममात्र ठेवली, किंवा दुसरीकडं कामाला जाऊ दिलं नाही, किंवा हिंडाय-फिरायला अडवलं, तर ती वेठबिगारी. यातली एक गोष्ट असली तरी पुरे. असं कर्ज कायद्यानं मेलेलं आहे, ते वसूल करणंच गुन्हा आहे. वेठबिगार राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ते वेठबिगारीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायचं कामही मालकाचं, आपलं नाही. 1982 साली दिल्लीत आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. घटनेच्या कलम 23 नं तिला बंदी आहे.

कोणी म्हणेल, संघटना पैसे बुडवायला शिकवते. तसं नाही. सरळ उचल, सरळ रोज, सरळ हिशोब असेल तर ती कामानं फेडावी. आपल्या माणसाचा शब्द हीच त्याची पत आहे. पण दोरी म्हणून दिलेला पैसा आम्ही कर्ज मानत नाही.

आणि एक कडू गोष्ट. मुकादम बहुतेक वेळा आपल्याच पाड्यातला, नात्यातला असतो. कोणाचा मामा, कोणाचा साडू. त्याच्या डोक्यावरही मालकाची उचल असते हे आम्हाला माहीत आहे. म्हणून त्याला वाळीत टाका असं आम्ही म्हणत नाही. त्याला ग्रामसभेत बसवा आणि सगळ्यांसमोर बोलायला लावा. पेसा कायद्यानं 1996 पासून आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आमच्या मते उचल ही सावकारीच आहे, नाव वेगळं.

तर या वर्षी गाडी हलण्याआधी प्रत्येक पाड्यानं एक वही करावी. कोण जातो, कोणाच्या बागेत, गाव-तालुका कोणता, उचल किती, रोज किंवा एकरी दर काय, खाड्याचं काय ठरलं, परत कधी. बाईचं नाव वेगळं आणि तिची मजुरी वेगळी लिहा. मुकादमाची सही घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. शाळेतली पोरं न्यायची नाहीत, त्यांना आजीकडं किंवा आश्रमशाळेत ठेवा. वन हक्काचा दावा पडून आहे त्यांनी घरातलं एक माणूस मागं ठेवावं. पडताळणीला माणसं येतात आणि दावेदार बागेत अडकलेला असतो, मग जमिनीवर कोण दाखवायचं? शिवाय रोजगार हमीचं काम आत्ताच लेखी मागा आणि पोच घ्या. 1972 च्या दुष्काळात ही हमी याच महाराष्ट्रात उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला. भादव्यात गावात काम मिळालं तर मुकादमाच्या नोटेची ओढ निम्मी होते.

तिकडं कोणी अडकला तर त्याच जिल्ह्याच्या कलेक्टरकडं किंवा प्रांताकडं अर्ज करायचा, आणि सुटका झाल्यावर मुक्तीचा दाखला घेतल्याशिवाय निघायचं नाही. दाखल्याशिवाय पुनर्वसनाचे पैसे मिळत नाहीत. आपल्या जिल्ह्याचं म्हणाल, तर या कायद्याखाली जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असावी लागते, आणि जिल्ह्याच्या समितीत अनुसूचित जाती-जमातीचे तीन रहिवासी नेमावे लागतात. नंदुरबार 1 जुलै 1998 ला वेगळा जिल्हा झाला. ते तीन जण कोण आहेत, समिती शेवटची कधी बसली, हे आपण लेखी विचारणार आहोत. अर्जाचा मजकूर कार्यकर्त्यांकडं आहे. ग्रामसभेत वाचून, सह्या-अंगठे घेऊन, पुढच्या बाजाराच्या दिवशी आणून द्या.